भेटीची जागा माथ्यावर: चर्च स्ट्रेटनच्या डोंगरातला एक शनिवार (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशर काउंटीत चर्च स्ट्रेटन नावाचं बाजारगाव आहे. राजा जॉनने १२१४ साली इथे बाजार भरवायची सनद दिली. आजही गुरुवारी चौकात बाजार भरतो. गाव एका अरुंद खोऱ्यात वसलेलं आहे आणि खोऱ्यातून ए४९ हमरस्ता आणि श्रूजबरीहून लडलोकडे जाणारी रेल्वे एकमेकांना चिकटून जातात. स्टेशनातून बाहेर पडलं की पंधरा-वीस मिनिटांत चढाला पाय लागतो. गाडी नसलेल्या माणसाला डोंगर गाठण्यासाठी इतकं सोयीचं गाव इंग्लंडच्या मध्यभागात क्वचितच सापडेल. म्हणूनच बर्मिंगहॅम, टेलफर्ड या भागातल्या आपल्या मंडळींचं हे आवडतं ठिकाण आहे.

खोऱ्याच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नाहीत, आणि पुढचं सगळं प्रकरण त्या फरकावरच फिरतं. खोऱ्यातून एक मोठा भूस्तरभंग, म्हणजे खडकांतली खोल भेग, जातो. त्याच्या पूर्वेला ज्वालामुखी खडकांच्या सुट्या, टोकदार टेकड्या आहेत: केअर कॅरडॉक (४५९ मीटर), रॅगलेथ, लॉली. यांची धार अरुंद आहे. चुकायचं म्हटलं तरी फार चुकता येत नाही, कारण दोन्ही बाजूंना उतार आणि खाली हमरस्त्याचा आवाज. पश्चिमेला आहे लाँग मिंड, एक लांबरुंद पठार. त्याचा सर्वोच्च माथा पोल बँक, ५१६ मीटर. या पठाराच्या पूर्व कडेला ओढ्यांनी कापलेल्या घळी एकापाठोपाठ एक आहेत: कार्डिंग मिल व्हॅली, टाउनब्रुक, ॲशेस हॉलो, कॅलो हॉलो. कोणत्याही घळीने वर जाता येतं. वरून उतरताना मात्र कुठली घळ कुठली ते कळायला डोळ्यांना काहीतरी दिसावं लागतं. पश्चिम बाजूचा उतार वेगळाच, सरळ आणि उभा. त्या बाजूने खाली उतरलात तर ॲस्टर्टन, वेंटनर अशी छोटी गावं लागतात. तिथे रेल्वे नाही, आणि चर्च स्ट्रेटनला परत यायचं तर गाडीनेसुद्धा डोंगराला वळसा घालावा लागतो.

या पठाराने माणसं चकवल्याची जुनी नोंद आहे. जानेवारी १८६५ मध्ये कार नावाचे एक पाद्री रॅटलिंगहोपहून वूल्स्टास्टनला, आपल्या नेहमीच्या वाटेने, परत निघाले आणि बर्फाच्या वादळात रात्रभर या डोंगरात भरकटले. दुसऱ्या दिवशी ते जिवंत खाली आले. ते तिथलेच रहिवासी होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

गट आणि बेत

नोव्हेंबर अखेरच्या एका शनिवारी सात जण निघाले. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सगळ्यांशी नंतर सविस्तर बोलून हे लिहिलं आहे.) बेत आखणारा नियोजक, त्याची बायको, त्यांची अकरा वर्षांची मुलगी, त्यांची एक मैत्रीण जिला सगळे ताई म्हणतात, आणि साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेले एकसष्ट वर्षांचे काका. हे पाच चालणारे. उरलेले दोन पळणारे: काकांचा मुलगा आणि त्याची धावण्यातली जोडीदार, दोघंही अर्धमॅरेथॉन नियमित धावणारे.

काकांबद्दल आधीच सांगतो, कारण वाचणाऱ्यांना वाटेल की अडचण त्यांच्या वयाची होती. तसं नव्हतं. साताऱ्यात ते रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात. गावापासून पोल बँकपर्यंतचा चढ सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे, त्यांच्या पायांना त्यात नवं काही नव्हतं.

चालणाऱ्यांचा मार्ग: स्टेशन, कार्डिंग मिल व्हॅली, लाइटस्पाउट धबधबा, पोल बँक, आणि बर्वे नावाच्या डांबरी रस्त्याने परत. (नावावरून दिवसभर विनोद झाले, ते इथे देत नाही.) एकूण दहाएक किलोमीटर.

पळणाऱ्यांचा मार्ग: आधी पूर्वेला केअर कॅरडॉक, मग गावातून पश्चिमेला येऊन मॉट्स रोड या जुन्या वाटेने लाँग मिंडवर, पोर्ट वे या प्राचीन मार्गाने पोल बँक, आणि ॲशेस हॉलोतून लिटल स्ट्रेटनला उतरून परत. सतरा-अठरा किलोमीटर, सातशे मीटरच्या आसपास चढ. किलोमीटरमागे सरासरी चाळीस मीटर. इंग्लंडमधल्या फेल रनिंगच्या, म्हणजे डोंगरातल्या धावण्याच्या, वर्गवारीत किलोमीटरमागे पंचवीस मीटर चढ असला की शर्यत 'बी' वर्गात जाते आणि पन्नास झाला की 'ए' वर्गात. म्हणजे हा मार्ग 'बी' वर्गात बऱ्यापैकी वर होता.

आणि बेतातली मुख्य ओळ: दुपारी एक वाजता सगळे पोल बँकवर भेटू. माथ्यावर आजूबाजूच्या डोंगरांची दिशा दाखवणारी चकती आहे, तिथे एकत्र फोटो काढायचा, डबे उघडायचे, मग पळणारे पुढे पळतील.

अडचण

अडचण धुक्याची होती असं गटातले बहुतेक जण सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

सकाळी खोऱ्यात हवा स्वच्छ होती. फोनवरचा अंदाज गावाचा होता आणि गावापुरता तो बरोबर ठरला. पण लाँग मिंडचा वरचा भाग स्टेशनातूनच दिसत नव्हता, ढग कड्यावर टेकलेला होता. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. माथ्यावर गावापेक्षा तापमान दोनेक अंशांनी कमी असतं, हे आकड्यात किरकोळ वाटतं. पण खोऱ्यात न लागणारा वारा वर सलग लागतो, आणि त्याने सगळं बदलतं.

आता या परिस्थितीत बेत काय म्हणत होता ते पाहा. दोन वेगळ्या वेगाचे गट, दोन वेगळ्या बाजूंनी, डोंगराच्या सगळ्यात उघड्या जागी, एका ठरलेल्या वेळी पोचणार. कुणाला उशीर झाला तर दुसऱ्याने वाऱ्यात थांबायचं. किती वेळ थांबायचं ते ठरलेलं नाही. न भेटल्यास काय, तेही नाही. वर फोनला रेंज मिळेल हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. धुकं नसतं तरी हा बेत कच्चाच होता, तो उघडा पडला नसता इतकंच.

पहिला निर्णय: स्टेशनवर

गाडी सव्वादहाला पोचली. ढग पाहून ताईंनी विचारलं, "आपण आज खालचंच करूया का?"

पर्याय तीन होते. पहिला, पठारावर न जाणं: रेक्टरी वूड, टाउनब्रुकचा खालचा भाग, लिटल स्ट्रेटनपर्यंत पायथ्याची वाट. हिवाळ्यातल्या आखूड दिवसाला हा मार्ग छान आहे, चिखल सोडला तर त्याला नाव ठेवायला जागा नाही. दुसरा, पळणाऱ्यांनी पूर्वेच्या टेकड्यांवरच राहायचं आणि चालणाऱ्यांनी कार्डिंग मिल व्हॅलीत जाता येईल तितकं जायचं. म्हणजे दोघांनाही धुक्याच्या खाली पुरेसं काम. तिसरा, ठरल्याप्रमाणे.

तिसराच निवडला गेला. कारण नियोजकाने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं: काकांना मुलाबरोबर माथ्यावर फोटो काढायचा होता, आणि काका पुढच्या आठवड्यात परत जाणार होते. अशा वेळी "नको" म्हणणं आपल्याकडे अवघड असतं. ताई गप्प बसल्या.

इथे एक गोष्ट चांगली झाली. नियोजकाने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा कागदी नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी आणली होती, आणि वापरता येत होती. हे नसतं तर हा लेख वेगळ्या प्रकारचा झाला असता.

दुसरा निर्णय: चहाघरापाशी

कार्डिंग मिल व्हॅलीत नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं चहाघर आहे. लाँग मिंडचा मोठा भाग १९६५ पासून या संस्थेकडे आहे. मराठी माणसांचा गट चहाघरावरून थेट पुढे गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. हाही गेला नाही. तिथून निघायला अकरा वाजून दहा मिनिटं झाली, बेतापेक्षा पाऊण तास उशिरा.

नियोजकाने वेळेचा हिशोब नाइस्मिथच्या नियमाने केला होता. १८९२ साली एका स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला हा ठोकताळा आजही वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, वर दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं. दहा किलोमीटर आणि साडेतीनशे मीटर म्हणजे दोन तास पस्तीस मिनिटं. कागदावर भरपूर वेळ. पण हा नियम सतत चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. त्यात ओल्या दगडी पायऱ्या नाहीत, अकरा वर्षांची मुलगी नाही, चिखल नाही, डब्यातली पोळीभाजी नाही. अशा गटाला मी तरी त्या वेळेच्या दीडपट, हिवाळ्यात त्याहूनही थोडं जास्त धरतो.

चहाघरापासून वर दोन वाटा होत्या. मॉट्स रोड हा रुंद, सलग चढाचा. दुसरी लाइटस्पाउट घळीतून, धबधब्याच्या बाजूने उभ्या पायऱ्यांची. उशीर झालेला, म्हणून मॉट्स रोड घ्यावा असं नियोजकाच्या मनात आलं. पण मुलीला धबधबा पाहायचा होता. धबधबा छोटाच आहे, लोणावळा पाहिलेल्यांना तर ओढ्याची उडी वाटेल, पण घळ फार सुंदर आहे. गेले तिकडून.

या निवडीत मला दोष दिसत नाही. दोष इतकाच की उशीर झालाय हे कळल्यावर एकची भेट रद्द करायला हीच शेवटची जागा होती, कारण चहाघरापाशी पळणाऱ्यांना निरोप पाठवता आला असता. ते तेव्हा कॅरडॉकवरून उतरून गावातून जात होते. कुणाच्या डोक्यात ते आलं नाही.

तिसरा निर्णय: पठाराच्या कडेवर

एकला दहा कमी असताना चालणारे घळीच्या वरच्या टोकाला पोचले आणि धुक्यात शिरले. तीसेक मीटरवरचं दिसेना.

इथे वाटेचा एक खास घोटाळा होतो. २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या डोंगराळ जमिनीवर कुणालाही कुठेही पायी फिरता येतं. त्यामुळे हीदरच्या झुडपांतून माणसांच्या वाटा, मेंढ्यांच्या वाटा, तिथल्या मोकळ्या हिंडणाऱ्या घोड्यांच्या वाटा सगळ्या सारख्याच दिसतात. खालच्या शेतांमध्ये पायवाटेला पिवळा बाण आणि घोडेवाटेला निळा बाण असतो, त्याची सवय झालेला माणूस वर आल्यावर बाण शोधत राहतो.

पर्याय: आल्या वाटेने मागे, किंवा जवळचा डांबरी रस्ता गाठून त्याने गावात, किंवा पोल बँक, अजून दीडएक किलोमीटर. नियोजकाच्या बायकोने स्पष्ट सांगितलं की रस्ता गाठू आणि उतरू. त्यावर काका म्हणाले, "अहो, पोरगा वर थांबला असेल. त्याला तसंच सोडून जायचं का?"

या वाक्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. बेतानेच ते वाक्य काकांच्या तोंडी घातलं होतं. भेटीची जागा एकदा माथ्यावर ठेवली की मागे फिरणं हा सावधपणा राहत नाही, तो माणूस सोडून जाण्यासारखा वाटतो.

ते पुढे गेले.

चौथा निर्णय: माथ्यावर, पळणारे

पळणारे एकला पाच कमी असताना पोल बँकवर होते. त्यांच्या अंगात घामाने भिजलेले पातळ टी-शर्ट आणि वर हलकी वाऱ्याची जाकिटं. पळताना हे पुरतं, कारण शरीर स्वतःच भट्टी असतं. थांबलं की भट्टी विझते आणि ओला कपडा वाऱ्यात उष्णता खेचून घेतो. फेल रनिंगच्या शर्यतींत आयोजक पूर्ण अंग झाकणारे जलरोधक कपडे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडं खाणं बरोबर ठेवायला लावतात ते याचसाठी. पळणाऱ्यासाठी तो सामानाचा बोजा असतो, थांबावं लागलेल्यासाठी तो असतो बचाव.

दहा मिनिटांत जोडीदार थरथरायला लागली. पंचवीस मिनिटांनी तिचं बोलणं तुटक झालं. मुलाची घालमेल सरळ होती: वडील येतायत, आणि शेजारी उभी असलेली मैत्रीण गारठतेय. फोनवरून केलेले निरोप जात नव्हते. एक वाजून वीस मिनिटांनी त्याने निघायचं ठरवलं.

हा निर्णय पूर्ण बरोबर होता आणि मुलाला तो आजही खुपतो. त्याने आणखी एक शहाणपण केलं. ठरलेला उतार ॲशेस हॉलोचा होता. ती घळ लाँग मिंडवरची बहुधा सगळ्यात देखणी, पण अरुंद, खडकाळ, ओढा पुन्हापुन्हा ओलांडावा लागणारी. गारठलेल्या, पाय नीट न पडणाऱ्या माणसाला तिथे नेणं म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण. बॉइलिंग वेल या झऱ्यापाशी त्याने घळीऐवजी बर्वे रस्ता धरला आणि दोघं चालत-पळत उतरू लागले.

एकच गोष्ट राहिली: माथ्यावर खूण ठेवणं. चकतीवर दगडाखाली चिठ्ठी, नाहीतर रंगीत रुमाल. पळणाऱ्यांकडे कागद-पेन्सिल नसते हे खरं, पण मुलाच्या डोक्याला बांधलेला रुमाल होता.

पाचवा निर्णय: माथ्यावर, चालणारे

चालणारे एक पस्तीसला पोचले. माथा रिकामा.

काकांनी चारही दिशांना हाका मारल्या. धुक्यात आवाज जातो कुठे आणि येतो कुठून याचा भरवसा नसतो. मग ते म्हणाले की मुलगा वाट चुकलाय, आपण नैर्ऋत्येच्या वाटेने थोडं पुढे जाऊन पाहू. ती वाट खरोखरच ठळक आहे, आणि थोड्या अंतरावर ती डांबरी रस्त्यालाही मिळते. धोका तिथेच आहे. रस्ता लागला म्हणजे सुटलो असं वाटतं, पण हा रस्ता एकीकडे बॉइलिंग वेलवरून गावात जातो आणि दुसरीकडे ॲस्टर्टनला, पश्चिमेच्या उभ्या उतारावरून खाली. धुक्यात, घाबरलेल्या बापाच्या मागे, डावी-उजवी चुकायला फार काही लागत नाही.

नियोजकाने इथे आवाज चढवला नाही. त्याने तीन गोष्टी केल्या. शिट्टीचे सहा आवाज, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. हा इथला संकटाचा ठरलेला इशारा आहे, मुलगा जवळ असता तर त्याला कळला असता. दुसरं, दहा मिनिटं थांबायचं, त्याहून एकही जास्त नाही, हे सगळ्यांसमोर घड्याळ दाखवून ठरवलं. तिसरं, काकांना म्हणाला, "काका, तो तुमच्यापेक्षा वेगाने पळतो आणि त्याला हा डोंगर माहीत आहे. तुम्ही हरवलात तर त्याला दोन माणसं शोधावी लागतील, तुम्ही आणि मी."

काकांना हे पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

उतरतानाही पहिल्यांदा चूक झालीच. माथ्यावरून निघालेली वाट शंभर-दीडशे मीटर गेल्यावर होकायंत्र दाखवत होतं त्याहून वेगळ्या दिशेला वळली, म्हणजे ते दुसऱ्याच वाटेवर होते. मागे येऊन, पूर्वेची दिशा धरून, सगळ्यांनी एकमेकांना हाताच्या अंतरावर ठेवून ते बॉइलिंग वेलजवळच्या रस्त्याला लागले. माथ्यापासून हे अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही.

नियोजकाच्या खिशात आणखी एक गोष्ट तयार होती, ती वापरावी लागली नाही: माथ्याचा ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटींवरून नेमकी जागा सांगणारा आकडा), एसओ ४१५ ९४४, नकाशाच्या मागे लिहिलेला. ९९९ या तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करून पोलीस मागायचे, मग डोंगरातली बचाव तुकडी, आणि हा आकडा सांगायचा. त्याने फोनवर ९९९ ला लघुसंदेश पाठवायची नोंदणीही आधी केली होती. कमकुवत रेंजमध्ये बोलणं तुटतं पण संदेश कधीकधी निघून जातो.

काय झालं

बर्वे रस्त्यावर निम्म्या उतारावर, ढगाच्या खाली आल्यावर, सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. मुलाचा निरोप तासाभरापूर्वीचा होता: "आम्ही खाली जातोय, ती गारठलीय, बाबांना सांगा." काका रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं बसून राहिले.

तीन वाजून वीस मिनिटांनी सगळे गावातल्या एका कॅफेत भेटले. उजेड अजून चाळीस मिनिटांचा होता. जोडीदार कोरडे कपडे घालून, गरम सूप पिऊन ठीक झाली. काकांचा गुडघा मात्र सुजला. बर्वे रस्त्याचा उतार काही ठिकाणी पाचास एक आहे, आणि डांबरावरचा उभा उतार मऊ वाटेपेक्षा गुडघ्याला जास्त झोडपतो. त्यांना दोन आठवडे जिना उतरताना त्रास झाला, परतीच्या विमानात बाजूची सीट मागावी लागली. ठरलेली गाडी चुकली, पुढची मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

भेटीची जागा खाली ठेवायची. मला या प्रकरणातून घ्यावीशी वाटते ती ही एकच गोष्ट, बाकी सगळं तिच्या मागून येतं. चहाघर ही जागा दोन्ही मार्गांच्या वाटेवर येते, तिथे छप्पर आहे, उशीर झाला तर थांबणारा गारठत नाही, आणि कुणालाही मधूनच मागे फिरायला लाज वाटत नाही. माथ्यावर भेट झाली तर आनंद, नाही झाली तर कुणी कुणाचं देणं लागत नाही.

पळणाऱ्यांचा मार्ग चालणाऱ्यांना कापत जाईल असाही आखता येतो. मॉट्स रोडने वर, लाइटस्पाउटने खाली, पुन्हा वर. चढ तितकाच होतो आणि दर फेरीला चालणारे दिसतात. लांब वर्तुळ मारल्याचं समाधान त्यात नाही, हे पळणाऱ्यांचं म्हणणं मान्य आहे. पण या गावातून ऑक्टोबरमध्ये निघणारी पन्नास मैलांची लाँग मिंड हाइकसुद्धा, जी चोवीस तासांत पुरी करायची असते, वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर माणसांची नोंद ठेवते. लांब मार्गाला नोंद लागतेच. सात जणांच्या सहलीत ती कोण ठेवणार?

थांबायची मर्यादा आधी ठरवायची, तीही मिनिटांत. पळणाऱ्यांकडे एक जाड कोरडा थर आणि पूर्ण जलरोधक कपडे हवेतच, वजन होवो. काकांना उतारासाठी चालण्याच्या काठ्या द्यायला हव्या होत्या. चढात त्यांना गरज नव्हती, म्हणून कुणाला सुचलं नाही.

आणि स्टेशनवर ताईंनी विचारलेला प्रश्न. गटात एकाने शंका काढली की तिचं उत्तर देईपर्यंत निघायचं नाही, असा नियम नियोजकाने नंतर केला आहे. ताईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, नियम नको, फक्त त्या दिवशी माझ्याकडे कुणी पाहिलं असतं तरी पुरे होतं.

त्यानंतर

मे महिन्यात काका परत आले आणि गट पुन्हा गेला. भेट चहाघरापाशी, दुपारी दोनला, न आल्यास तीनपर्यंत थांबायचं आणि मग गावात. हवा स्वच्छ होती. पोल बँकवरून वेल्सचे डोंगर ओळीने दिसत होते, काकांनी चकतीवरची प्रत्येक दिशा वाचून काढली. मुलगा माथ्यावर भेटलाच, न ठरवता, ॲशेस हॉलोकडे जाताना. फोटो निघाला.

एक वाद मात्र मिटलेला नाही. ताईंच्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी गट फोडायचाच नाही. पळणाऱ्यांनी वेगळ्या दिवशी यावं. नियोजकाला वाटतं की जागा खाली आणि वेळ ठरलेली असेल तर फोडायला हरकत नाही. काकांना विचारलं तर ते म्हणतात, अजिंक्यताऱ्याला हा प्रश्नच येत नाही, तिथे मी एकटाच जातो. येत्या हिवाळ्याचा बेत अजून ठरायचा आहे.